वाहन-सल्ला : हँडब्रेक ओढूनही गाडी सरकते तेव्हा

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचे घर चढावर आहे आणि गाडी अंगणातल्या उतारावरच उभी करावी लागते. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक आहे. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. गेल्या वर्षभरात हँडब्रेक हळूहळू सैल होत गेला. आता दांडा अकरा-बारा टिक वर येतो, तरी गाडी सावकाश खाली सरकते. सहा महिन्यांत दोनदा गॅरेजमध्ये केबल ताणून आणली. दोन्ही वेळा महिना-दीड महिना बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. केबल ताणायचा नट कुठे असतो ते मी पाहून ठेवले आहे. हे काम घरी करता येईल का?

उत्तर : करता येईल, मात्र ज्या नटाने आपण सुरुवात करू पाहता, तो या कामाचा अगदी शेवटचा टप्पा आहे, आणि आपल्या गाडीच्या बाबतीत तर त्या नटाला आधी हात लावला गेल्यामुळेच दुखणे लांबले असावे, असे आपण दिलेल्या माहितीवरून मला वाटते. कसे ते सांगतो.

दांडा ओढताना ऐकू येणारा 'टिक' म्हणजे दातेरी पट्टीवर एकेक दात चढत जाणारा खटका. दांड्याला जोडलेली केबल प्रत्येक मागच्या चाकापर्यंत जाते आणि ड्रमच्या आतली एक छोटी लिव्हर ओढते. ती लिव्हर दोन्ही ब्रेक शू बाहेर ढकलते आणि शूवरचे लायनर (घासून पकड देणारा थर) ड्रमच्या आतल्या भिंतीला दाबून बसतात. पायाचा ब्रेक दाबला की हेच शू ब्रेक ऑइलच्या दाबाने बाहेर सरकतात. थोडक्यात, ओढणारी व्यवस्था वेगळी असली तरी घासणारी जोडी एकच आहे. लायनर झिजले की शू आणि ड्रम यांमधली फट वाढते, आणि ती फट भरून काढण्यासाठी ड्रमच्या आत एक स्वयंचलित ॲडजस्टर दिलेला असतो. पाय ब्रेकवर पडत राहतो तसतसा तो शूंमधला आडवा दांडा किंचित लांबवत जातो, म्हणून चांगल्या स्थितीतल्या गाडीत हँडब्रेक वर्षानुवर्षे जवळपास त्याच उंचीवर धरतो.

आता आपल्या केबलकडे पाहू. पोलादी तारांचा पीळ नवा असताना थोडा ताणला जातो हे खरे. पण नऊ वर्षे वापरलेली केबल दीड महिन्यात चार-पाच टिकांइतकी लांबत नाही. ती तशी लांबत असेल तर तिच्या तारा तुटत चालल्या आहेत आणि ती बदलायलाच हवी. याहून जास्त वेळा घडते ते असे : ॲडजस्टर धुळीने आणि गंजाने अडकतो, फट वाढत राहते, दांडा वर येऊ लागतो, आणि कोणीतरी फट तशीच ठेवून केबल ताणते. ताणलेल्या केबलमुळे ड्रममधली लिव्हर दांडा खाली असतानाही आपल्या मूळ जागी टेकत नाही. ती मूळ जागी टेकली तरच ॲडजस्टरला आपले काम करता येते. म्हणजे केबल ताणल्याने उरलासुरला ॲडजस्टरही बंद पडतो, लायनर थोडे झिजले की फट पुन्हा जाणवते, आणि गाडी पुन्हा केबल ताणायला जाते. सहा महिन्यांत दोनदा, असे आपण लिहिले आहे, ते वाचताच मला प्रथम हेच आठवले.

अवजारे काढण्यापूर्वी बसल्या जागी दोन चाचण्या कराव्यात. सपाट जागी इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पॅडल दाबावे आणि ते किती खोलवर जाऊन धरते ते पाहावे. पाय उचलून लगेच दोन-तीनदा दाबल्यावर पॅडल उंचावर धरू लागले, तर फट वाढल्याचा तो संकेत आहे. नंतर हँडब्रेक पूर्ण ओढून पॅडल पुन्हा दाबावे. हँडब्रेक खाली असताना ते खोल जात होते आणि ओढल्यावर वर धरू लागले, तर दोष मागच्या शूंच्या फटीत आहे याची जवळजवळ खात्री समजावी. याउलट पॅडल नेहमीच उंच व घट्ट आहे आणि फक्त दांडाच सैल आहे, तर केबलवर संशय घ्यायला जागा आहे. दांडा पाच-सहा टिकांतच दगडासारखा घट्ट होतो आणि तरीही गाडी सरकते, असे असेल तर नट फिरवण्यात काही अर्थ नाही. लायनरला तेल लागले आहे किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झाले आहे. पॅडल एकसारख्या दाबाखाली हळूहळू खाली बसत असेल, किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरली असेल, तर घरचे काम तिथेच थांबवावे. ती गळती आहे. तिच्यासकट गाडी घाटात नेऊ नये.

गाडी उचलताना घ्यायच्या काळजीबद्दल मी प्रत्येक वेळी लिहितो आणि आजही लिहिणार आहे, कारण या कामात हँडब्रेक खाली सोडावा लागतो, म्हणजे गाडी अडवणारी नेहमीची गोष्टच आपण काढून घेत असतो. अंगणातल्या उतारावर हे काम मुळीच करू नये. शेजाऱ्याची सपाट फरशी मागून घ्यावी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. आपली गाडी पुढच्या चाकांना ताकद देणारी असल्याने ती पहिल्या गिअरमध्ये ठेवली की पुढची चाके अडकून राहतात आणि मागची मोकळी फिरवून पाहता येतात. ओम्नी किंवा बोलेरोसारख्या गाडीत ताकद मागच्या चाकांना जाते. तिथे चाक फिरवून पाहण्यासाठी गिअर न्यूट्रल करावा लागतो आणि सगळी भिस्त पुढच्या ठोकळ्यांवर राहते, हे त्या गाड्यांच्या मालकांनी लक्षात ठेवावे. जॅकने गाडी फक्त उचलायची, पेलायचे काम लोखंडी स्टँडने करायचे. विटांचा थर हा स्टँड नव्हे. भाजलेली वीट आधी कोणतीही सूचना न देता फुटते.

चाके काढल्यावर ड्रम उतरवायचा. इथे गाड्यागाड्यांत फरक आहे. काही गाड्यांत ड्रम नुसता हबवर चढवलेला असतो आणि गंजाने चिकटला असेल तर त्यावरच्या आटे असलेल्या दोन भोकांत बोल्ट आवळत गेले की तो सरळ बाहेर येतो. पण अनेक छोट्या गाड्यांत मागच्या चाकाचे बेअरिंग ड्रममध्येच बसवलेले असते आणि मधला मोठा नट काढल्याशिवाय ड्रम निघत नाही. तो नट परत बसवताना ठरावीक बळानेच आवळावा लागतो आणि बहुधा नवा वापरावा लागतो. टॉर्क पाना घरी नसेल, तर एवढा टप्पा गॅरेजमध्ये आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. चाक निसटण्याचा धोका पत्करण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

ड्रम उतरला की आत तपकिरी पिठासारखी पूड दिसेल. ती फुंकू नये आणि हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि नव्या लायनरची पूडही श्वासातून आत जाण्यासारखी नाही. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. मग सावकाश पाहावे. लायनर सर्वत्र सारखे, करड्या रंगाचे आणि किंचित खरखरीत असेल तर ठीक. काळे चकचकीत असेल, तर ते कमी दाबाने घासत राहून तापले आहे. कडेने ओलसर, चिकट असेल, तर व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाचे) रबर किंवा ॲक्सलचे ऑइल सील गळत आहे; अशा लायनरला पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, पण मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते, म्हणून गळती थांबवून दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलावेत. जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर आली असेल तरीही तेच. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेली असते. आणखी एक सूचना कृपया मनावर घ्यावी : ड्रम बाहेर असताना कोणीही पॅडल दाबू नये. अडवायला ड्रम नसला की सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात आणि तासाभराचे काम दोन दिवसांचे होते. मुलांना गाडीजवळ फिरकू देऊ नये तेही यासाठीच.

आता केबलचा नट, पण उलट दिशेने. दांड्याखालचे प्लास्टिकचे आवरण काढले की आट्यांची सळई आणि तिच्यावरचा नट दिसतो. बहुतेक ठिकाणी दहाचा पाना चालतो. मी आधी तिथे पाना लावत नाही, नुसते पाहतो. नटाच्या पुढे बोटाच्या पेराएवढे आटे उघडे पडलेले असतील, आणि जुन्या काळपट आट्यांपुढे काही आटे नुकते घासल्यासारखे चकाकत असतील, तर ही केबल एकापेक्षा जास्त वेळा ताणली गेली आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. आपल्या गाडीत हेच दिसेल, असा माझा अंदाज आहे. तो नट इतका सैल करावा की केबल ढिली पडेल, आणि मग ड्रममधली लिव्हर मागे जाऊन मूळ जागी टेकते का ते पाहावे. नट सैल करूनही ती टेकत नसेल, तर केबल आपल्या आवरणात गंजून अडकली आहे. कोकणच्या पावसात हे नेहमीचे. चाकाजवळचे रबरी टोपण तडकते, त्यातून पाणी आत जाते, आणि केबल वाकवली की टोकातून तांबूस पाण्याचा थेंब गळतो. असा थेंब दिसला तर तेलपाणी करत बसू नये, केबल बदलावी.

ॲडजस्टरची दाती ब्रशने साफ करावी, तो हाताने हलतो की नाही ते पाहावे, आणि शू ज्या सहा टेकणांवर मागच्या पत्र्याला घासतात तिथे उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा केवळ ठिपका लावावा. साधे ग्रीस वितळून लायनरवर येते. नंतर ड्रम बसवून, नट अजून सैलच ठेवून, ब्रेकचे पॅडल दहा-बारा वेळा जोराने दाबावे आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडावे. मागे एखादा माणूस उभा असेल तर त्याला ॲडजस्टरचे बारीक टिक ऐकू येतील. ते थांबले की फट भरली. ज्या गाड्यांत हाताने फिरवायचे दातेरी चाक असते, त्यांत ड्रम बसवून मागच्या पत्र्यातल्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने ते चाक ड्रम अडकेपर्यंत फिरवावे आणि मग ड्रम किंचित घासत का होईना पण मोकळा फिरेल इतके उलटे सोडावे. दोन्ही बाजूंना घासण्याचा आवाज सारखा आला पाहिजे.

एवढे झाल्यावर, आणि एवढे झाल्यावरच, केबल ताणायची. नट अर्धा-अर्धा फेरा आवळत जावे, मध्ये मध्ये दांडा ओढून टिक मोजावेत. अनेक छोट्या गाड्यांत हा आकडा चार ते नऊ यांच्या दरम्यान सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहावा आणि त्याच्याही मधोमध राहावे. दोन टिकांत घट्ट होणारा हँडब्रेक हाताला सुखावतो, पण तो चांगला हँडब्रेक नव्हे. दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत, नेमक्या टिकांवर दोन्ही हाताने हलेनाशी झाली पाहिजेत. एक धरते आणि दुसरे फिरते, असे झाल्यास नट आणखी आवळू नये. न धरणाऱ्या बाजूची केबल किंवा शू पुन्हा तपासावेत. पहिल्या टिकाला डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि दांडा खाली केल्यावर विझतो, हेही पाहून घ्यावे.

शेवटी दोन-तीन किलोमीटर चालवून यावे आणि मागच्या चाकांजवळ नुसता तळहात न्यावा, स्पर्श करू नये. एका बाजूची ऊब स्पष्ट जास्त जाणवली, तर तिथे शू चिकटून चालत आहेत. काही वर्षांपूर्वी आंबा घाट उतरून आलेली एक गाडी माझ्यासमोर थांबली, तिच्या मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता आणि ड्रम निळसर पडला होता. आदल्याच दिवशी 'हँडब्रेक टाइट करून घेतला', असे चालक सांगत होता. गाडीत लहान मूल होते. तेव्हापासून ताणलेल्या केबलबद्दल कोणी विचारले की मी लांबलचक उत्तर लिहितो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

उतारावरची चाचणी करताना चालक जागेवरच असावा आणि त्याचा पाय ब्रेकच्या वर असावा. गाडी तोंड वर करून एकदा आणि तोंड खाली करून एकदा, अशी दोन्ही प्रकारे उभी करून पाहावी. आपल्या अंगणात कोणत्या बाजूने गाडी लावायची ते त्यावरून ठरवता येईल.

प्रश्न : मालवणला गावच्या घरी पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी होती. परत गेल्यावर दांडा खाली केला, पण मागचे एक चाक फिरेना. गिअर टाकून जोर दिला तर चाक फरफटत गेले. काय करावे?

उत्तर : जोर देणे थांबवावे, फरफटल्याने टायरवर सपाट डाग पडतो आणि लायनर शूपासून सुटून येण्याची भीती असते. ओला लायनर आणि ओतीव लोखंडाचा ड्रम दिवसेंदिवस एकमेकांना दाबून राहिले की ड्रमवर गंज चढतो आणि लायनर त्यालाच चिकटून बसते. प्रथम दांडा दोन-चार वेळा वर-खाली करावा. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये अगदी थोडी पुढे, नंतर रिव्हर्समध्ये थोडी मागे, अशी क्लचवर हलकेच हलवावी. बऱ्याचदा 'टक्' असा आवाज होऊन चाक सुटते. नाही सुटले तर पुढची चाके ठोकळ्यांनी अडवून, गाडी उचलून स्टँडवर घ्यावी, ते चाक काढावे, आणि ड्रमच्या कडेला गोलाकार फिरत लाकडी हातोड्याने ठोकावे. लोखंडी हातोड्याने ओतीव ड्रमला तडा जाऊ शकतो. ड्रम सुटूनही लिव्हर मागे येत नसेल तर चिकटली आहे ती केबल, आणि तिच्याविषयी वर लिहिलेच आहे.

पुढच्या वेळी पाण्यातून किंवा धुऊन आणलेली गाडी लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नये. शेवटचे अर्धा किलोमीटर अधूनमधून ब्रेक लावत यावे म्हणजे ड्रम आतून सुकतो. बरेच दिवस गाडी उभी राहणार असेल, तर सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून आणि हँडब्रेक खाली ठेवून ती उभी करणे उत्तम.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत दांडाच नाही, फक्त बटण आहे. तिची केबल कशी ताणायची?

उत्तर : बहुतेक अशा गाड्यांत चाकापर्यंत जाणारी केबलच नसते, मागच्या कॅलिपरवर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणाऱ्या भागावर) बसवलेली छोटी मोटर पॅड डिस्कवर दाबते आणि पॅड झिजले तरी किती दाबायचे ते नियंत्रक स्वतःच ठरवतो. पॅड बदलताना मोटर मागे घेण्यासाठी स्कॅनर जोडून गाडी सर्व्हिस स्थितीत न्यावी लागते. स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन मागे रेटू नये. आतला स्क्रू आणि मोटर दोन्ही बिघडतात. पकड कमी वाटली तर हे काम घरी करायचे नाही, एवढेच माझे उत्तर आहे. ज्या गाड्यांत मागे डिस्क असूनही दांडा आहे, त्यांपैकी काहींत डिस्कच्या मधल्या भागात हँडब्रेकसाठी वेगळा लहान ड्रम असतो. त्याला पहिल्या उत्तरातली सगळी पद्धत लागू पडते. फरक इतकाच की तिथे पॅडल दाबून फट भरत नाही, दातेरी चाकच फिरवावे लागते.

प्रश्न : वडील म्हणतात, गाडी गिअरमध्ये ठेवली की हँडब्रेकची गरज नाही. ते चाळीस वर्षे गाडी चालवत आहेत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : वडिलांची सवय चांगली आहे आणि ती त्यांनी सोडू नये, पण ती एकटी पुरेशी नाही. गिअरमध्ये ठेवलेली गाडी इंजिनच्या सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेच्या दाबाने अडते. ती हवा पिस्टनच्या रिंगांमधून हळूहळू निसटते, आणि जुन्या इंजिनात ती लवकर निसटते, म्हणून तीव्र उतारावर अशी गाडी काही वेळाने एक हिसका घेऊन थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 126 हेही सांगते की, सार्वजनिक ठिकाणी उभ्या केलेल्या गाडीत परवानाधारक चालक जागेवर नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा ती चुकूनही चालू लागणार नाही असा अन्य बंदोबस्त केलेला असावा.

उतारावर गाडी उभी करताना क्रम असा ठेवावा : पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक पूर्ण वर, गिअर न्यूट्रल, मग ब्रेकवरचा पाय हलकेच उचलून गाडीचा भार मागच्या शूंवर येऊ द्यावा. इथे गाडी सरकली तर हँडब्रेक सैल आहे हे त्याच क्षणी कळते. सरकली नाही तर इंजिन बंद करून, तोंड वर असेल तेव्हा पहिला आणि खाली असेल तेव्हा रिव्हर्स गिअर टाकावा. उताराकडे तोंड असेल तर पुढची चाके रस्त्याच्या कडेच्या दगडाकडे वळवून ठेवावीत. वडिलांना न्यूट्रलमध्ये पाय उचलण्याची ती एक पायरी दाखवावी. चाळीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला भार शूंवर आल्याचे बसल्या जागी जाणवेल.